टाळू

बायको, सायरा, गेल्याचं जमालला दुपारी कळलं. दोन दिवस आधी तिच्या पायांवर लाल ठिपके दिसले होते. घामोळं असेल, काही नाही, असं जो तो म्हणाला होता. त्यांची मुलगी तूबा तेव्हा सहा दिवसांची होती.

आता ती सात आठवड्यांची होती आणि तिच्या डोक्यावर पिवळ्या, तेलकट खपल्या धरल्या होत्या. आधी भुवयांच्या वर, मग पार टाळूपर्यंत. जमालची मोठी बहीण झेबा म्हणाली, खवडा आहे, पोरांना होतो, जाईल आपोआप. जमालने ऐकलं नाही. द्रोणागिरीच्या गोदामातून सुट्टी घेऊन तो पोरीला खांदा कॉलनीत डॉक्टर अरुंधतींकडे घेऊन आला.

डॉक्टरांनी टोपी काढली, दिव्याखाली डोकं पाहिलं आणि म्हणाल्या, "काही नाही हो. साधं आहे."

पोरीला छातीशी धरून जमाल तसाच बसून राहिला. बाहेरून पुढच्या पेशंटने आत डोकावलं, तरी उठला नाही.

"हिच्या आईलापण काही नाही म्हणाले होते," तो म्हणाला.

डॉक्टरांनी बाहेरच्या माणसाला थांबायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. मग त्यांनी तूबाला टेबलावर घेऊन सगळे कपडे उतरवले. कानांच्या मागे पाहिलं, मानेच्या वळ्या, काखा, जांघा पाहिल्या, ताप मोजला. 'काही नाही' असं त्या परत म्हणाल्या नाहीत. या खपल्या पुष्कळ बाळांना येतात, बहुतेकांच्या काही महिन्यांत जातात, तिला त्या दुखत नाहीत आणि तिच्यापासून कुणाला होतही नाहीत, असं त्यांनी सांगितलं. लाली अंगावर पसरली, खपल्यांतून पाणी किंवा पू आला, ताप चढला, पोरगी दूध घेईनाशी झाली, तर मात्र त्याच दिवशी यायचं. जमालने ते कागदावर लिहून मागितलं. त्यांनी लिहून दिलं.

"डोक्याला काय लावता?"

खोबरेल, तो म्हणाला. आपा सांगते टाळू भरायची, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ.

"आणि धुता कधी?"

धुतलंच नाही, जमाल म्हणाला. जन्मापासून त्या डोक्याला पाणी लागलं नव्हतं. अंग धुवायचा, डोकं कोरडं ठेवायचा.

"एवढं तेल भज्यांना लागत नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग त्याचा चेहरा पाहून त्यांनी आवाज उतरवला. हे तुमच्यामुळे झालं नाही, फक्त तेल तसंच राहिलं की खपल्या घट्ट बसतात. पण धुतलं का नाही?

"टाळू उडते. बोटाखाली उडते. मला वाटतं, जरा जोर पडला तर..."

डॉक्टरांनी त्याचा हात धरला आणि तळवा पोरीच्या टाळूवर ठेवला. त्याने हात मागे खेचायचा प्रयत्न केला. त्यांनी तो सोडला नाही.

"तिचं रक्त फिरतंय म्हणून उडते. उडू दे."

संध्याकाळी झेबाने कोमट पाणी आणून ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं तेल लावून पाव तास झाला होता. जमालने तूबाला मांडीवर आडवं घेतलं, बाळाचा शाम्पू बोटांवर फेसला आणि मऊ ब्रश कानाच्या वरून हलकेच फिरवला. पहिली खपली सुटली. तिला तीन काळे केस चिकटले होते. सायराचे होते तसेच, दाट काळे.

जमालचा ब्रश थांबला.

"केस परत येतात, डॉक्टरीण बोलली ना तुला," झेबा म्हणाली.

"आपा, तू कर."

"मी नाही हात लावणार. उद्या मी सासरी गेले की कुणाला हाक मारशील?"

तूबा रडत नव्हती. मूठ चोखत वर त्याच्याकडे बघत होती. त्याने ब्रश बुडवला, कानाच्या मागून घेतला, मग दुसऱ्या बाजूने. पाणी गढूळ झालं. झेबाने ते ओतून दुसरं आणलं.

कडेचं सगळं झालं होतं. टाळूवरचं राहिलं होतं.