कडीखालचं पान

आमच्या नव्या घराचं लोखंडी दार माझ्या दादानं घडवलं. त्याच्या प्रत्येक दारावर असतं तसं यावरही कडीखाली एक इवलंसं पान ठोकलं होतं. बाबांपासूनची ती आमच्या भट्टीची खूण.

संध्याकाळी ऑफिसातली मंडळी घर बघायला आली, तेव्हा दादा स्टुलावर उभा राहून दाराशेजारचे गॅसचे कंदील पेटवून बघत होता. हात काळेकुट्ट, शर्टाला ठिणग्यांची भोकं.

"काय कलाकुसर आहे! कुठून आणलंस रे?" साहेबांनी विचारलं.

"परदेशातून मागवलंय," मी बोलून गेलो.

साहेब वाकले. "आणि हे पान कसलं?"

दादा वरूनच म्हणाला, "कंपनीची खूण असेल, साहेब. मी नुसता बसवणारा."

मी सगळ्यांना घाईघाईनं आत नेलं. दादाला 'आत ये' म्हटलं नाही. गप्पा रंगल्या. बाहेर बराच वेळ कानस घासल्याचा आवाज येत होता. "काहीतरी किरकोळ राहिलं असेल," मी हसून सांगितलं.



मंडळी गेल्यावर दार लावायला कडी धरली, तर पानाच्या जागी बोटांना नुसतं गुळगुळीत लोखंड लागलं.