चार टाळ्या गप्प

पुनम मॅडमनी टेबलावरच्या स्पीकरचं बटण दाबलं आणि पाचवीच्या वर्गात ट्रंपेट असं काही केकाटलं, की पोरांची खिचडी ढवळणारी जनकाबाई हातातल्या पळीसकट दारात येऊन उभी राहिली.

"कुनाची वरात हाय हो?"

"वरात न्हाई मावशी, जॅझ हाय," संगिताबाई म्हणाल्या. वर्ग त्यांचा, पण हा शब्द त्यांनाही परवाच कळला होता.

सेनगावकडच्या शाळांतून शिक्षकांना हेच शिकवत पुनम मॅडम हिंडत होत्या. पाढे असोत, भूगोल असो, या संगीतावर बसवायचं. संगिताबाईंचा त्यावर तीळभर विश्वास नव्हता. पण सोमवारी तोंडी परीक्षा होती, आणि शितल जूनपासून वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. नापास झाली तर शाळा बंद, असं तिचा बाप थावरा सगळ्या तांड्याला सांगून बसला होता. गुणी लेकरू हातचं जाणार, या धास्तीनं बाईंना अन्न गोड लागत नव्हतं.

"यात एक जण वाजवतो आणि थांबतो," पुनम मॅडम म्हणाल्या. "मोकळ्या जागेत दुसरा आपल्या मनानं उत्तर देतो."

"आमची होळीची लेंगी गाणी अशीच की!" जनकाबाई दारातूनच म्हणाली. "एकानं ओळ टाकायची, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. मदी कुनी तोंड घातलं तर मार खातंय."

"बरोबर!" पुनम मॅडम म्हणाल्या. "बाई, तुम्ही फक्त विचारा, आणि चार टाळ्या गप्प राहा."

हात्तिच्या, एवढंच? बाईंनी पोरांना टाळ्यांचा ठेका धरायला लावला. "सात चोक?"

एक टाळी. "अठ्ठा..." बाई म्हणाल्या.

"वीस!" वर्ग ओरडला.

"बाई, तुम्ही थांबला नाहीत," मॅडमनी टोकलं.

"थांबले की!" बाईंना खरंच तसं वाटत होतं. "सात सक? बेचा..."

"ळीस!"

अठरा वर्षांची सवय ती. जनकाबाईला हसू आवरेना. "होळीत असत्या तर बाईंनी लई मार खाल्ला असता."

बाई चिडल्या. पदराचा बोळा करून त्यांनी तोंडात कोंबला आणि फळ्यावर लिहिलं: सात साती? बोट शितलकडे केलं.

एक टाळी. दोन. बाईंच्या घशात उत्तर नुसतं वळवळत होतं. तीन. चार. शितल खालीच बघत होती. पुनम मॅडमनी स्पीकर बंद करायला हात नेला, तर बाईंनी मानेनंच नको म्हटलं. पाच. सहा.

"एकोणपन्नास."

सगळा वर्ग मागं वळला. शितलचा आवाज असा घोगरा असेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंना भरून आलं. पदर तोंडातून काढून त्या धावतच तिच्याजवळ गेल्या.

"अगं लेकरा, इतकं येतंय तर आजवर बोलली काहून न्हाईस?"

शितलनं सांगायला तोंड उघडलं.

"भेव वाटत होतं, व्हय ना? लाजत होतीस?"

शितलनं तोंड मिटलं.

दारात जनकाबाईनं पळी चौकटीवर आपटली. एकदाच.

बाईंनी मुकाट्यानं पदर पुन्हा तोंडात कोंबला.