जयवंतकाकांची उपकारस्तुती

"माझ्या वाढदिवसाला मी दरवर्षी कुणा एका माणसाबद्दल देवाचे उपकार मानते," शुभा म्हणाली. "यंदा आमचे शेजारी, जयवंतकाका."

चारकोपच्या तिच्या घराच्या छोट्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली सगळी माणसं काकांकडे वळली. काकांना वेगळीच शंका आली. छातीत दुखतंय म्हणून मुलगा नितेश त्यांना परवाच डॉक्टरकडे घेऊन गेला होता. डॉक्टर त्याला बाजूला घेऊन काहीतरी बोलले. "गॅस आहे, बाबा," पोरगा येताना म्हणाला. आणि आज ही ख्रिस्ती शेजारीण चक्क पाळक बोलावून आपल्यासाठी प्रार्थना करतेय. गॅससाठी पाळक कोण बोलावतं?

पाळकांनी डोळे मिटले. सगळ्यांनीच मिटले. काकांनी मात्र एक उघडा ठेवला. कुणी रडतंय का, ते त्यांना बघायचं होतं.

"हे प्रभू, काकांबद्दल तुझे उपकार मानते," शुभा म्हणाली. "पाण्यावरून ते अख्ख्या सोसायटीशी भांडतात, पण आमच्याकडे पाणी आलं का, ते आधी विचारतात. माझी आई विसरायला लागली, रोज तीच गोष्ट सांगायची. आम्ही कंटाळायचो. काका दरवेळी विचारायचे, 'मग काय झालं, आजी?' येशूच्या नावाने, आमेन."

काका हबकले. शब्द न शब्द खरा होता. पण इतकं चांगलं बोललेलं त्यांनी आजवर फक्त शोकसभेत ऐकलं होतं, तेही दुसऱ्याबद्दल.

"शुभा, खरं सांग. नितेश काय बोलला तुला?"

"कशाबद्दल?"

"माझ्या छातीबद्दल. किती दिवस दिलेत डॉक्टरने?"

शुभाला हसू फुटलं. मग काकांचा चेहरा बघून ती त्यांच्या खुर्चीजवळ येऊन बसली. "काका, तुमच्या छातीचं मला आत्ता तुमच्याकडूनच कळतंय."

"मग एवढं चांगलं कशाला बोललीस?"

"तुम्ही चांगले आहात म्हणून. आम्हाला देवाने दिलात ना तुम्ही? मग त्याला सांगायला नको?"

"जित्या माणसाबद्दल?"

"म्हणजे काय! तुम्हालाही ऐकू गेलं पाहिजे ना."

काका खुर्चीत सैलावले. म्हणजे गॅसच होता तर. त्यांनी केकचे दोन तुकडे खाल्ले, पाळकांना 'कधी आलात तर या' म्हणून मालवणच्या आपल्या घराचा पत्ता दिला आणि समोरच्या आपल्या घरी आले. त्यांची बायको रुक्मिणी स्वयंपाक करत होती, म्हणून सभेला आली नव्हती. तिने ताट वाढलं. बांगड्याचं तिखलं होतं, माशाचं झणझणीत मालवणी कालवण. काकांनी एक घास खाल्ला आणि थांबले. या बाईच्या जेवणात आपण आजवर फक्त मीठ कमी आहे का तेवढंच बघितलं, हे तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"तिखला झकास झाला हा गो," ते म्हणाले. रुक्मिणीने वर बघितलं नाही. त्यांनी घसा साफ केला. "माझ्या आवशीचा, तुझ्या सासूचा, शेवटपर्यंत तूच सगळा केलंस. माका कधी बोलूक जमला नाय. तू होतंस म्हणून घर उभा रवला."

रुक्मिणीच्या हातातली पळी थांबली. ती उठली, जवळ आली आणि घाबरीघुबरी होऊन तिने त्यांच्या कपाळाला हात लावला.

"बरा वाटता मां तुमका?"