डबल बेल

"काका, तुम्ही आम्हाला मारणार आहात का?"

वेदिकाने विचारलं आणि ती टेम्पोच्या खिडकीकडे मान वर करून उभी राहिली. आता माघार नाही. पुढे उभ्या असलेल्या व्हॅनच्या खिडकीच्या काचेला नाकं चिकटवून तिच्या मैत्रिणी ईशा आणि मृणाली बघत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. "शाळेच्या निरोपसमारंभात माईक हातात धरून काय म्हणालीस? मुलींनी प्रश्न विचारले पाहिजेत! मग जा, विचार त्यालाच!" न विचारता परत गेली असती, तर बारावीपर्यंत चिडवलं असतं दोघींनी.

सगळं त्या सिनेमाने केलं. दहावी संपली म्हणून बाबांनी सगळ्यांना देवरूखहून रत्नागिरीला दुपारच्या खेळाला नेलं. सिनेमात एक माणूस रस्त्यात एका अनोळखी इसमावर उगाच हॉर्न मारतो, आणि मग तो इसम सिनेमाभर गाडी घेऊन त्याच्या मागे लागतो. फोन काय करतो, काचा काय फोडतो! मुलींचं निम्मं पॉपकॉर्न जमिनीवर गेलं. बाबांना मात्र आयता मुद्दा सापडला.

"बघितलंस? अशी माणसं असतात बाहेर. म्हणे अकरावीला रत्नागिरीला एसटीने एकटी जाणार! शेजारी कोण कुठला येऊन बसेल, सांगता येतं? मी रोज गाडीने नेऊन सोडीन. जमत नसेल तर रत्नागिरी विसर."

वेदिकाचं तोंड एवढंसं झालं. मैत्रिणींच्या गप्पा, खिडकीतली जागा, सगळं डोळ्यांपुढून निघून चाललं.

परतताना आई मागच्या सीटवर आडवी झाली. शेजारी रत्नागिरीच्या मावशीने दिलेला भलामोठा फणस. आईला गाडी लागते. गोळी घ्यायची, शाल डोक्यावरून ओढायची, की घर येईपर्यंत हूं नाही की चूं नाही. मध्ये उठणार ती फक्त घाटातल्या देवळाशी, हात जोडायला.

नेमका त्या देवळाच्या अलीकडेच हा लाल टेम्पो वळणावर आडवा होऊन मागे-पुढे करत होता. बाबांनी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मग उतरून ओरडले, "रस्ता काय तुझ्या बापाने बांधलाय?"

टेम्पोवाल्याने खिडकीतून मान बाहेर काढली. नुसतं बघितलं. जाड मिशा, लालबुंद डोळे, गळ्यात पंचा. मुलींना तर वाटलं, हा पडद्यावरूनच उतरून आलाय. तोंडाचा आ करून त्या भांडण बघत राहिल्या. बाबा परत येऊन बसले, धाडकन दार आपटलं आणि व्हॅन अशी काढली की चाकांखालची खडी उडाली.

थोड्याच वेळात आरशात लाल ठिपका दिसला. टेम्पो! दिवे लुकलुकवत, हॉर्न ठणाणा करत. बाबांनी वेग वाढवला, त्यानेही वाढवला. बाबा आतल्या रस्त्याला वळले, तोही वळला. एवढ्यात थिएटरात मुका केलेला बाबांचा मोबाईल समोर उजळला. अनोळखी नंबर. बंद झाला, पुन्हा उजळला. पुन्हा.

"उचलू नका!" तिघी एकदम किंचाळल्या. सिनेमातही अस्संच होतं!

"ह्याला माझा नंबर मिळाला कुठून?" बाबांचा आवाज चिरकला.

"आईला उठवू?"

"नको नको! घाबरेल ती."

वेदिकाने मागे हात घालून आईला थोपटलं. बिचारी झोपेतसुद्धा घाबरली असणार. शालीवरूनही तिच्या अंगावरचा काटा हाताला लागत होता.

मग पुलाचं काम आलं, लाल झेंडा आडवा आला. व्हॅन थांबली. टेम्पो मागे येऊन थांबला. बाबांनी काचा वर केल्या आणि देवाचं नाव घ्यायला लागले. मैत्रिणींनी पैज लावली. बाबा "अगो, अगो" म्हणेपर्यंत वेदिका दार सरकवून खाली.

आणि आता टेम्पोवाला तिच्याकडे बघत होता. मिशी हलली.

"मारतोय कशाला गो बाय?" तो म्हणाला. "हॉर्न मारून मारून माजा हात दुखला. आवशीला देवळाशी टाकून पळालाव ते!"

पलीकडचं दार उघडलं आणि टेम्पोतून आई उतरली. केसांत देवळातलं जास्वंद, हातात नारळाची वाटी, चेहरा कसा टवटवीत.

"तुम्ही भांडत होतात, म्हटलं तेवढ्यात हात जोडून येते," ती व्हॅनच्या दिशेने कडाडली. "येते तर गाडी गायब! ह्यांच्या मोबाईलवरून किती फोन केले, उचलाल तर शपथ! हे आत्मारामभाऊ. ह्यांची बायको आमच्या मंडणगडची, शेजारच्या वाडीतली. आणि ह्यांच्या गाडीत मला गाडी लागली नाही हो!"

बाबा उतरले. मागे गेले. सीटवरची शाल उचलली.

खाली फणस.

बाबांनी आत्मारामभाऊंचे दोन्ही हात धरले. 

"असू दे वो," आत्मारामभाऊ म्हणाले. "फणस तरी आठवणीने नेलाव."

निघताना बाबांनी आईला पुढे आपल्या शेजारी बसवलं.  ईशा आणि मृणाली ओढण्या तोंडात कोंबून हसत होत्या. शेवटी बाबांनीच घसा खाकरला.

"तर अकरावीचं काय म्हणत होतो, मी रोज गाडीने..."

"नको बाबा. आई, तूपण ऐक," वेदिका म्हणाली. "माझं ठरलं. जूनपासून मी एसटीनेच जाणार. तिथे कंडक्टर माणसं मोजल्याशिवाय डबल बेल देत नाही."