तायवोचा झिजलेला चेहरा

केहिंदेने फडकं सोडून तायवोला ओगुंडेले बाबांच्या पुढ्यात ठेवलं. "नाक उरलं नाही बाबा. डोळेही गेले. पुन्हा कोरून द्या."

म्हाताऱ्याने हातातली लाकूड तासायची वाकस खाली ठेवली आणि ती वीतभर लाकडी मूर्ती अंगठ्याने चाचपली. आता त्यांचा डोळ्यांपेक्षा अंगठ्यावरच भरवसा होता.

जुळ्यातलं एक दगावलं की त्याच्या नावाने मूर्ती कोरून घ्यायची आणि जिवंत पोराबरोबर तिलाही वाढवायचं, ही इला गावाची रीत. केहिंदेच्या आईने, आयोकाने, ती जिवापाड पाळली. केहिंदेला न्हाऊ घातलं की तायवोला घालायची, केहिंदेला चवळीचा घास भरवला की तायवोच्या ओठांनाही लावायची. अंगाला तेल आणि तांबडी भुकटी, केसांना निळीचं बोट. केहिंदे हट्टाला पेटला की म्हणायची, "भावाकडे बघ, कधी हूं की चूं करतो का?" त्या शहाण्या भावाचा केहिंदेला तेव्हा भारी राग यायचा.

आता आईला मातीआड करून महिना झाला होता आणि त्याला लागोसला परतायचं होतं. रक्ताचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं. त्यालाही तोंड नाही, हे केहिंदेला बघवेना.

"आईच्या हाताने झिजलंय," बाबा म्हणाले. "राहू दे तसंच."

"आम्ही जुळे ना? माझ्याकडे बघून कोरा."

बाबांनी मान वर केली नाही. माणसाच्या तोंडावरून मूर्ती कोरत नसतात, असं पुटपुटले. मग लाकूड जुनं झालंय, चिरेल, अशी सबब काढली. केहिंदे हटून बसला. शेवटी त्याने आयोकाची शपथ घातली.

 बाबा उठून आत गेले आणि आढ्याला टांगलेलं एक गाठोडं घेऊन आले. त्यातून हुबेहूब तशीच मूर्ती निघाली. तेच कपाळ, तीच उंची. पण नाक तरतरीत, डोळे टपोरे, अंगाला तेलाचा थेंबही न लागलेला.

केहिंदेचे डोळे भरून आले. असा दिसायचा तर तायवो. "नमुन्याला जास्तीची केली होती का?"

"नाही रे पोरा. गावात गोवर आला, तेव्हा एकाच ओंडक्यातून दोन्ही कोरल्या. आयोका घेऊन गेली. त्याच आठवड्यात बाजारातून परतली, ती पाठीला पोर बांधून. कुणाचं, ते कुणी विचारलं नाही." बाबांनी मूर्ती त्याच्या मांडीवर ठेवली. "दुसऱ्या दिवशी ही परत आणून दिली. म्हणाली, 'हिला ठेवा तुमच्याकडे. माझा केहिंदे घरी आलाय.'"