धुतलेले पाय

निवृत्तीतात्यांनी सकाळीच तीन पेढे खाल्ले, साबणाने पाय स्वच्छ धुतले आणि ते दाराजवळ बसून राहिले. दंडात बसवलेल्या चकतीने रक्तातली साखर वाढल्याचं आरोग्य उपकेंद्राला कळवलं, की तासाभरात तिथली आशा सेविका कल्पना घरी यायची. आधी रागवायची, मग पाय मांडीवर घेऊन कुठे जखम नाही ना, म्हणून एकेक बोट चाचपायची. बायको गेल्यापासून तात्यांना तेवढाच कुणाचा हात लागायचा.

दुपार झाली तरी ती आली नाही, तेव्हा त्यांनी फोन लावला.

"तात्या, परवा बसवलेली नवी चकती इन्सुलिनही आपोआप सोडते," ती म्हणाली. "तुमची साखर केव्हाच उतरली. आता मी यायची गरजच नाही."

"बरं झालं," तात्या म्हणाले.

मग त्यांनी आपलाच पाय मांडीवर घेतला आणि करंगळीपासून एकेक बोट चाचपायला सुरुवात केली.