तिसावी चांदणी

"पाठ नाही आजी, गुडघे वाकवा. हां, आता उचला!"

आजींनी दातओठ खात वाळूची पिशवी पलंगावरून खुर्चीत आणली. व्यायामवाल्या ताईंनी भिंतीवरच्या तक्त्यावर, किलोमागे एक अशी, एकोणतिसावी चांदणी चिकटवली.

तीस झाल्या की मुलगा आजींना वृद्धाश्रमातून कायमचा घरी नेणार होता. तसा शब्दच दिला होता त्यानं. दोन वर्षं इथं खितपत पडलेल्या बाईला आणखी काय हवं? पूर्वी जिना बघूनच धाप लागायची, आता दोन मजले सहज चढत होत्या.

पिशवीचं नाव त्यांनी महाराणी ठेवलं होतं. "स्वतःहून तसूभर हलेल तर शपथ!"

"म्हातारपणी ही कसली हमाली?" शेजारच्या पलंगावरची मैत्रीण करवादायची. "त्यापेक्षा बागेत चाल की दोन फेऱ्या."

"मुलानंच लिहून दिलंय," ताई सांगायच्या. "दर दोन तासांनी पिशवी उलटायची, सकाळ-संध्याकाळ खुर्चीत ठेवायची."

"काळजी हो त्याला माझी," आजी म्हणायच्या. "लहानपणी घासाघासाला गोष्टीची लालूच दाखवायचे मी. आता तो मला दाखवतोय. फिटंफाट!"

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "किती किलो झाले, आई?"

"एकोणतीस."

"शाब्बास! तुझी सून डोळ्यांत प्राण आणून वाट बघतेय."

जिला आपला खोकलासुद्धा खपत नव्हता, ती वाट बघतेय! आजींना भरून आलं. कंबरेतून कळ यायची, ती त्यांनी कुणाला कळूही दिली नाही. एका चांदणीसाठी रडगाणं कशाला?

तिसावी लागली. दुसऱ्याच दिवशी मुलगा गाडी घेऊन हजर. आजींनी महाराणीला हात जोडले, मैत्रिणीला मिठी मारली आणि मागे वळून बघितलंही नाही.

घरी सुनेनं वाकून नमस्कार केला. मुलानं हाताला धरून मागच्या खोलीशी नेलं. "ही तुझी खोली. चांगलं ऊन येतं."

आत दोन पलंग होते. एकावर सुनेची आई छताकडे टक लावून पडली होती. अर्धांगवायूनं वर्षभर अंथरुणाला खिळलेली. तिच्याकडची पगारी बाई आपलं सामान घेऊन दाराशी चपला घालत होती.

मुलानं घड्याळ पाहिलं.

"आई, दोन तास होत आले."